गेटावरची शेवंती

कोरगावच्या आमच्या काजू कारखान्याला दोन दारं आहेत. पुढचं लोखंडी गेट रस्त्याकडे उघडतं. मागचं लाकडी दार टरफलं बाहेर टाकण्यासाठी आहे. त्याच्या पलीकडे टरफलांचा काळा ढीग, आणि ढिगापासून वर डोंगराकडे जाणारी पायवाट. पुढच्या गेटावर शेवंती बसते. तिला पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, ही बाई आत्ताच कुणाशी तरी भांडून आलीय. तसं काही नसतं. तिचा चेहराच तसा आहे, आणि तो सुधारायचा तिने कधी प्रयत्नही केलेला नाही.

मी रुक्मिणी, प्रतवारीच्या टेबलावर असते. आखा काजू वेगळा, फोड वेगळी, तुकडा वेगळा, एवढंच माझं काम. शेवंती हळर्णहून येते. पूर्वी ती बिया फोडायच्या खोलीत होती. टरफलातलं तेल उडून उडून तिची बोटं अशी सोलवटली की भाकरी थापता येईना, तेव्हा मालकांनी तिला गेट दिलं. बाईमाणूस गेटावर बसून काय दिवे लावणार, असं पुरुषमंडळी म्हणाली. पहिल्याच आठवड्यात तिने मालकांच्या सख्ख्या मेहुण्याला उन्हात उभं केलं, कारण तो नाव सांगायला तयार नव्हता. त्यानंतर कुणी काही म्हटलं नाही.

तिचा नियम एकच. कारखान्यात कामाला असलेल्या बायकांचे नवरे, भाऊ, बाप, कुणीही गेटाच्या आत पाय टाकायचा नाही. डबा द्यायचा तर गजांतून द्यायचा, निरोप द्यायचा तर तिच्याकडे द्यायचा. "घरात तुमचा राज्य आसा मां? हांगा माझा," असं ती तोंडावर सांगायची. बायकाच तिच्यावर चिडायच्या. आमचे नवरे काय चोर आहेत का, म्हणायच्या.

लोक मला विचारतात, हिच्या आयुष्यात असं काय घडलं होतं म्हणून ही अशी? काहीही घडलं नव्हतं. तिचा नवरा रामचंद्र देवमाणूस आहे. देवळात आरतीला समेळ हे तालवाद्य वाजवतो, सकाळी उठून तिला चहा करून देतो आणि तिचं बोलणं मुकाट ऐकून घेतो. दुसरीच्या अंगावरचा वळ ओळखायला आधी आपल्या अंगावर उठलेला असावा लागतो, असं ज्यांना वाटतं त्यांचा मला राग येतो. डोळे असले की पुरे.

गौरवी आमच्याकडे आली ती लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा. माहेर डिचोलीचं, सासर सिंधुदुर्गातलं, आणि नवरा-बायको हरमलला भाड्याच्या खोलीत राहायची. नवरा प्रथमेश आधी खाणीवर ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्यावर तो हरमलला पर्यटकांना स्कूटर भाड्याने द्यायच्या धंद्यात आला. दिसायला देखणा, कपडे इस्त्रीचे, बोलणं असं की ऐकत राहावं. तो रोज जेवणाच्या सुट्टीत मोटारसायकलवरून यायचा. बायकोसाठी डबा, आणि आमच्या अख्ख्या टेबलासाठी पोदेराकडचे, म्हणजे पाववाल्याकडचे, गरम उंडे पाव, कधी मिरचीभजी, कधी पातळभाजी. गेटासमोर जरा डावीकडे, रस्त्यापलीकडे एक काजूचं जुनं झाड आहे, त्याखाली मोटारसायकल लावून तो सुट्टी संपेपर्यंत उभा राहायचा.

"नवरो असाचो तर असो," असं आमच्यातली प्रत्येकजण कधी ना कधी म्हणाली. माझ्याच टेबलावरच्या सुशीलेने तर घरी जाऊन आपल्या नवऱ्याला सुनावलं होतं. उंडे आम्ही सगळ्यांनी खाल्ले. शेवंतीने एकदाही खाल्ला नाही.

ती पिशवी गजांतून घ्यायची आणि स्टुलावर ठेवायची. तो हसून विचारायचा, "काकी, आज गौरवी कोणाबरोबर जेवूक बसली?" दुसऱ्या दिवशी, "काकी, आज सुट्टी लवकर झाली काय?" मग, "तो सागर अजून हिच्या खोलीत मालाची पोती हाडता काय?" प्रत्येक प्रश्न साधा, हसत विचारलेला. शेवंती उत्तर द्यायची नाही. मला म्हणाली, "रुक्मिणी, हो उंडे देवूक येना नाय. हो मोजूक येता."

तेव्हा मला ती नेहमीसारखी कडवट बोलतेय असं वाटलं.

आमच्याकडे प्रतवारीच्या खोलीत मोबाइल नेऊ देत नाहीत. सगळ्यांचे फोन गेटाजवळच्या चौकीत, लाकडी खणांत ठेवायचे असतात. दिवसभर त्यांतला एखादा वाजतो आणि थांबतो. गौरवीचा थांबायचा नाही. वाजून बंद व्हायचा आणि परत सुरू व्हायचा. आवाज बंद केला तर खणाच्या फळीवर थरथरायचा. शेवंती दिवसभर त्या थरथरीशेजारी बसलेली असायची. शेवटी तिने त्याच्याखाली एक फडकं घडी करून ठेवलं.

एक दिवस ती कंटाळली आणि तिने फोन उचलला. "गौरवी कामार आसा," एवढंच म्हणाली. पलीकडून कुणी बोललं नाही. श्वास ऐकू येत होता म्हणे, बराच वेळ, आणि मग फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी गौरवी आली ती ओठ सुजलेला घेऊन. न्हाणीत पाय घसरला, म्हणाली. टेबलावर आम्ही हळद लाव, बर्फ लाव, असे सल्ले दिले. शेवंतीने काही सल्ला दिला नाही. तिने गौरवीचा फोन हातात घेतला, खणात ठेवला आणि खालच्या आवाजात विचारलं, "काल मी उचल्लंय म्हणान?"

गौरवीने मान खाली घातली. मग म्हणाली, "काकी, परत उचलू नकात."

त्यानंतर शेवंतीने तो फोन कधीच उचलला नाही. पण त्या दिवसापासून तिने गौरवीला काही ना काही निमित्त काढून चौकीत बोलवायला सुरुवात केली. चहा दे, सुई ओवून दे, चष्मा शोध. तिला चष्माच नाही. गौरवी बसायची, आणि दोघी बहुतेक गप्प असायच्या. मी एकदा म्हटलं, अगं विचार तिला काय ते स्पष्ट. शेवंती म्हणाली, "इचारल्यार पळतली. बसता तितक्यान बसांदे."

त्या बसण्यातून एकेक गोष्ट बाहेर आली. सुट्टीत फोन हातात मिळाला की तो झाडाखालूनच व्हिडिओ कॉल करायला लावायचा, आणि तिला फोन गोल फिरवून आजूबाजूला कोण आहे ते दाखवावं लागायचं. पगार तिच्या हातात राहायचा नाही. डिचोलीला आईकडे जायची बंदी होती. आणि रात्रीचं काय ते तिने शब्दांत कधीच सांगितलं नाही. बाही वर करून दाखवलं, आणि लगेच खाली केली.

मग ती संध्याकाळ आली. भोंगा झाला, बायका गेटाबाहेर पडल्या, प्रथमेश झाडाखाली उभा होता. गौरवी चौकीच्या दारात आली आणि तिथेच थांबली. "काकी, आज माका भायर जावचां नाय."

शेवंतीने कारण विचारलं नाही. तिने गेटाला कुलूप लावलं, किल्ली कनवटीला खोचली आणि मला हाक मारली. माझं घर कारखान्याच्या मागे, डोंगराच्या पायवाटेवर वरच्या वाड्यात आहे. मुलगा जहाजावर, घरी मी एकटी. आम्ही तिला मागच्या दाराने, टरफलांच्या ढिगाला वळसा घालून, काजूच्या बागेतून वर नेलं. खाली रस्त्यावर त्याच्या मोटारसायकलचा हॉर्न वाजत होता. आधी एकेकदा, मग सलग. तिने माझा हात असा धरला होता की घरी पोचल्यावर मला बोटं सरळ करायला वेळ लागला.

त्या दिवसापासून गौरवी माझ्याकडे राहिली आणि मागच्या दाराने येऊ-जाऊ लागली. डिचोलीला ती का गेली नाही? तो पहिला तिथेच जाणार म्हणून. आणि तो गेलाच. पोलिसांत जाऊया असं मी म्हटलं, तर तिने मला अडवलं. आईला काही करील, म्हणाली. शेवंती म्हणाली, जातली, तिचा मन घट झाला काय जातली, आपण हांगा आसंव.

मागच्या दाराला आतून जाड लोखंडी कडी आहे. शेवंतीने गौरवीला त्या कडीपाशी उभं करून शिकवलं. बाहेर पडायच्या आधी फटीतून बघायचं. काही विपरीत दिसलं तर आत यायचं, दार ओढायचं, कडी घालायची. "आनी एकदा कडी घातलंस काय काढूची नाय. कोण हाक मारता ता बघू नको. माझो आवाज आयलो तरी काढू नको. समाजला?"

"तुमचो आवाज आयलो तरी?"

"माझो आवाज आयलो तर मुळीच नाय."

प्रथमेश रोज झाडाखाली येतच राहिला. उंडे आणायचा थांबला नाही. पिशवी गजांतून द्यायचा आणि हात जोडायचा. त्याने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, लोकांना काहीतरी कळलं असतं. पण तो रडायचा. येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना म्हणायचा, माझी चूक झाली, एकदा तिला समजवा. दाढी वाढवली, शर्टाची इस्त्री गेली. सुशीलेच्या डोळ्यांत पाणी यायचं त्याला बघून. गौरवीला भर टेबलावर तिने विचारलं, "इतकां काय केल्यान गे तेणां?" हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांच्यापुढे मी तरी हात टेकले आहेत.

आमचे मॅनेजर सगुणबाब पेडण्याचे. मनाने चांगला माणूस, हे मी आजही म्हणते. प्रथमेशने त्यांना चहाच्या हॉटेलात गाठलं आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. सगुणबाब विरघळले. गौरवी मागच्या दाराने जाते हे त्यांना माहीत होतं, आणि त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. पण संसार मोडू नये असं त्यांना मनापासून वाटत होतं, आणि त्यावर त्यांना एक उपाय सुचला. उपाय कुठून सुचला असेल? देवाकडून, असंच ते म्हणाले.

दर श्रावणात आमच्या कारखान्यात सत्यनारायणाची पूजा असते. पूजेला कामगारांपैकी एक जोडपं बसवतात, शक्यतो नव्याने लग्न झालेलं. तो मोठा मान असतो. ज्यांना तो मिळतो त्यांचे फोटो वर्षभर ऑफिसात लागलेले असतात. सगुणबाबनी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर जाहीर केलं, "ह्या वर्षी आमची गौरवी आनी प्रथमेश पूजेक बसतली. देवाच्या पाटार दोगांय एकठांय बसली म्हणजे सगळां सुरळीत जातलां."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. गौरवीचा घास हातातच राहिला. देवाचा मान मिळतोय आणि नाही म्हणायचं, तेही सगळ्यांच्या देखत, हे आमच्याकडे कुणाला जमतं? तिने शेवंतीसाठी आजूबाजूला बघितलं, पण शेवंती गेटावर होती, तिला यातलं काही माहीत नव्हतं. गौरवी म्हणाली, "बसतंय." नंतर रात्री मला म्हणाली, "मावशी, देवासमोर बसल्यावर कदाचित तो..." आणि वाक्य अर्धंच सोडलं.

शेवंतीला कळलं तेव्हा ती सगुणबाबच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली. "तेका गेटातून आत घेतल्यार गेट कित्याक व्हया? काढून भंगारात घाला."

सगुणबाब हसले. "शेवंते, देवाचां काम आसा. त्या दिसा गेट सगळ्यांक उघडाच असता."

"देवाक सांगा, त्या दिसा तोच गेटार बसांदे," असं म्हणून ती निघून आली.

पूजेच्या दिवशी गेटाला आंब्याच्या डहाळ्या आणि झेंडूच्या माळा लावल्या होत्या, आणि गेट सताड उघडं होतं. प्रथमेश सोवळं नेसून, दाढी करून आला. आत येताना तो शेवंतीसमोर थांबला आणि वाकून तिच्या पाया पडला. ती पाय मागे घेऊ शकली नाही, लोक बघत होते. तो उठला आणि अगदी हळू म्हणाला, "काकी, आयलंय आत."

दोघं पाटावर बसली. तिच्या पदराची त्याच्या उपरण्याशी गाठ मारली. भट सांगेल तेव्हा तो फुलं वाहायचा आणि ती त्याच्या हाताला हात लावायची, नवरा-बायको पूजेत लावतात तसा. मी अगदी पुढ्यात बसले होते. एकदा हात लावल्यावर त्याने तिचं बोट मुठीत धरलं आणि सोडलं नाही. वरून उपरणं होतं. तिच्या नखाचा रंग गेलेला मला दिसला. तिचा चेहरा मात्र पूजेला बसलेल्या बाईचा असावा तसाच होता, आणि त्याची मला जास्त भीती वाटली.

पूजा झाल्यावर आमच्यातल्या वयस्कर गोकुळदासने गाऱ्हाणं घातलं. कारखान्याला बरकत दे, कामगारांना सुखी ठेव, आणि ह्या लेकरांचो संसार परत उभो कर. आम्ही सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. गेटाकडून आवाज आला नाही.

मग सगुणबाब प्रथमेशला कारखाना दाखवायला घेऊन गेले. पाहुण्याला दाखवतात तसा, कौतुकाने. हे त्यांनीच मला पुढे सांगितलं. बिया शिजवायची भट्टी दाखवली, फोडायची खोली दाखवली, गौरवी बसते ती खुर्ची दाखवली. तो खुर्चीवर हात ठेवून जरा उभा राहिला म्हणे. मग मागचं दार. तिथे त्याने विचारलं, "ही वाट खंय जाता?" आणि सगुणबाब सहज बोलून गेले, वर वाड्यार, आमच्या रुक्मिणीचां घर आसा थंय.

संध्याकाळी सगळ्यांना वाटलं, गौरवी त्याच्याबरोबर हरमलला जाणार. शेवंतीने तिला भांडी आवरायच्या नावाखाली मोरीजवळ अडकवून ठेवलं आणि वाद घालायच्या तयारीने गेटात उभी राहिली. पण त्याने वादच घातला नाही. "सावकाश येवंदे. माका घाई नाय," म्हणाला, सगळ्यांना नमस्कार केला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो झाडाखाली नव्हता. संध्याकाळीही नव्हता. गौरवी कामावर येऊ लागल्यापासून पहिल्यांदाच ते झाड रिकामं होतं. सुशीला म्हणाली, "बघलात? देवान ऐकल्यान. शाणो झालो." सगळ्यांना हायसं वाटलं. मलाही वाटलं, का खोटं बोलू?

शेवंतीला वाटलं नाही. ती भोंगा होईपर्यंत त्या झाडाकडे बघत होती. भोंगा झाला, बायका गेटाकडे यायला लागल्या, आणि त्यांच्यामागून सगुणबाब. तिने त्यांना विचारलं, "काल तेका मागला दार दाखयलात काय?"

"दाखयलंय. कित्याक?"

तिने बायकांच्या तोंडावर गेट लावलं, कुलूप घातलं आणि धावली. एवढ्या वर्षांत बायका बाहेर पडायच्या वेळी तिला गेट सोडताना आम्ही पाहिलं नव्हतं, धावताना तर नाहीच. मी वजनकाट्यापाशी उभी होते. ती माझ्यासमोरून गेली तेव्हा मला समजलं, पण मी निघेपर्यंत ती दिसेनाशी झाली होती.

गौरवीने फटीतून पाहिलं होतं. पण तो टरफलांच्या ढिगामागे बसलेला होता, आणि ढीग नेहमीसारखाच दिसत होता. तिने एक पाऊल बाहेर टाकलं आणि त्याने तिची वेणी धरली. शेवंती पोचली तेव्हा तो तिला फरपटत पायवाटेकडे नेत होता. शेवंती त्याच्या हाताला लोंबकळली, अक्षरशः, सगळं अंग टाकून, आणि चावली. वेणी सुटली. तिने गौरवीला दारातून आत ढकललं. स्वतः आत जायला वेळ होता की नव्हता, मला माहीत नाही. तिने बाहेर राहूनच दार ओढून घेतलं.

गौरवीने कडी घातली.

मी तिथे पोचले तेव्हा गौरवी दाराला पाठ लावून उभी होती, दोन्ही हात मागे कडीवर. बाहेरून आवाज येत होते. तो हेल्मेटने मारत होता, हे नंतर कळलं. तेव्हा फक्त कशावर तरी काहीतरी आपटल्यासारखं ऐकू येत होतं. मग शेवंतीचा आवाज आला. तिचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "गौरवी, मेलंय गे. कडी काढ."

मी पुढे झाले. गौरवीने माझ्याकडे बघून मान हलवली. नाही. तिच्या गालांवरून पाणी गळत होतं आणि कडीवरचे हात जराही हलत नव्हते. बाहेरून परत हाक आली, आणि मग आली नाही.

पुरुष मदतीला धावले, पण पुढच्या गेटाला कुलूप, किल्ली शेवंतीच्या कनवटीला. पोती वाहणारा सागर आणि इतर दोघं कुंपणाच्या भिंतीवरून उड्या मारून मागे गेले. तोवर तो पळाला होता. शेवंती टरफलांत पडली होती. तिचा डावा डोळा डॉक्टरांना वाचवता आला नाही.

म्हापशाच्या इस्पितळात तिला शुद्ध आल्यावर गौरवी खाटेशी उभी होती. रामचंद्र पायथ्याशी बसून तिचे तळवे चोळत होता. शेवंतीने पट्टीखालून विचारलं, "माझो आवाज ऐकलंस?"

"ऐकलंय."

"आनी उघडूक नाय?"

"नाय, काकी."

"बरां केलंस," शेवंती म्हणाली. मग गौरवी मोठ्याने रडली, माझ्याकडे राहायला आल्यापासून पहिल्यांदाच, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पायांनी पोलिस स्टेशनात गेली.

सगुणबाबनी आपण काय केलं ते जबाबात जसंच्या तसं लिहून दिलं. तेवढ्यावर शेवंतीने त्यांना सोडलं नाही. इस्पितळातून आल्यावर ती पुन्हा त्यांच्या टेबलापुढे उभी राहिली. कोर्टाच्या तारखेला गौरवीचा पगार कापायचा नाही. कामगाराची वेळ, खोली, वाट कुणालाही सांगायची नाही, नवरा असला तरी नाही. नव्या बाईला पहिल्याच दिवशी चौकीत बसवून सांगायचं की घरात मार पडत असेल तर इथे बोलता येतं, आणि बोललीस म्हणून काम जाणार नाही. सगुणबाबनी सगळं मान्य केलं. जेवणघराच्या भिंतीवर आता महिलांच्या मदतीचा १८१ नंबर मोठ्या अक्षरात लिहिलेला आहे. सुशीलेने तो स्वतःच्या हाताने रंगवला. त्यानंतर दोन बायका चौकीत येऊन बसल्या, आणि त्यांतल्या एकीला तर आम्ही वर्षानुवर्षं ओळखत होतो.

प्रथमेश पकडला गेला आणि पुढे जामिनावर सुटला. गौरवीच्या जवळ फिरकायचं नाही, अशी अट आहे.

ह्या श्रावणात पूजेला सगुणबाब आणि त्यांची बायको बसली. गेट बंद होतं, झेंडूच्या माळा गजांना बांधल्या होत्या. गाऱ्हाणं झालं, प्रसादाचा शिरा द्रोणांत वाढायला घेतला, आणि गेटाकडच्या बायका एकदम मागे सरल्या. प्रथमेश गजांपाशी उभा होता. शर्ट इस्त्रीचा. दोन्ही हातांची ओंजळ करून पुढे धरलेली.

"प्रसादाक आयलंय," तो म्हणाला. "बाकी काय नाका."

सत्यनारायणाच्या प्रसादाला आमच्याकडे कुणी कुणाला नाही म्हणत नाही. वैऱ्यालासुद्धा नाही. हे त्याला चांगलं ठाऊक होतं. गोकुळदास पुटपुटला, "प्रसाद आसा, ना म्हणा नये." भटजी जमिनीकडे बघत राहिले. सगुणबाबच्या हातात भरलेला द्रोण होता, आणि तो हात पुढे व्हावा की मागे, हे त्या बिचाऱ्याला कळेना. द्रोण गजांतून बाहेर जायचा तर तो शेवंतीच्या हातूनच जाणार होता.

शेवंती स्टुलावरून उठली. सगुणबाबच्या हातातून द्रोण घेतला, गजांसमोर त्याच्या अगदी तोंडासमोर उभी राहिली, आणि तो शिरा स्वतः खायला लागली. घाई न करता, शेवटच्या कणापर्यंत. द्रोण कपाळाला लावला.

"तुझ्या वाट्याचो मी खाल्लंय. देवाक पावलो. आता चल."

तिच्यामागे गौरवी उभी होती, फोन कानाला लावून. ती पोलिसांना आपलं नाव सांगत होती, मग कारखान्याचा पत्ता, मग त्याचं नाव. आवाज स्पष्ट होता, आम्हा सगळ्यांना ऐकू आला. त्यालाही आला.

त्याची ओंजळ अजून तशीच होती. त्याने ती सावकाश खाली केली आणि हसला, उंडे द्यायचा तेव्हा हसायचा तसंच. "बरां. फुडल्या वर्षी येतंय," म्हणाला. झाडाखालची मोटारसायकल काढली आणि हरमलच्या दिशेने गेला. पोलिस आले तेव्हा रस्ता मोकळा होता. त्यांनी सगळं लिहून घेतलं आणि गेले.

मला खूप भीती वाटली, आणि अजूनही वाटते. तो परत येईल हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे.

शेवंती स्टुलावर बसली. ते झाड गेटाच्या डाव्या अंगाला आहे, आणि त्या अंगाचं तिला आता दिसत नाही. तिने स्टूल फिरवून बघितलं, पण मग तिला रस्त्याचा उतार दिसेना. ती पुटपुटत स्टूल इकडे-तिकडे सरकवत राहिली. तेवढ्यात गौरवीने चौकीतली खुर्ची उचलून आणली आणि तिच्या डाव्या बाजूला ठेवून बसली.

"तुम्ही रस्तो बघा, काकी," ती म्हणाली. "झाडाकडे मी बघतंय."